मांजर किडनीचं डाएट फूड खात नाही, त्याऐवजी उकडलेलं चिकन दिलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की मांजर 12 वर्षांची आहे, रक्तात क्रिएटिनिन (किडनी नीट काम करत नसली की वाढणारा घटक) वाढलेलं निघालं, डॉक्टरांनी किडनीचं प्रिस्क्रिप्शन फूड सांगितलं आणि कालपासून ती त्याला तोंडच लावत नाहीये. मग आधी तिला तिचं जुनं खाणं द्या, आत्ता लगेच. मांजरांना उपास झेपत नाही, दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साचायला लागते, जाड मांजर असेल तर धोका अजून जास्त, आणि ते किडनीच्या आधी जीवावर बेतू शकतं. भूक लागली की खाईल आपोआप, असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. जुनं खाणंही नको म्हणत असेल तर ते नखरे नाहीत, किडनीच्या आजारात मळमळ होते, त्यावर औषध मिळतं, आजच डॉक्टरांना फोन करा.

आता चिकनचं. चव लावायला एखादा तुकडा ठीक, पण रोजचं जेवण म्हणून नको. किडनीच्या फूडमध्ये औषध वगैरे घातलेलं नसतं, त्याचं मुख्य काम म्हणजे फॉस्फरस कमी ठेवणं. किडनी कमजोर झाली की फॉस्फरस नीट बाहेर टाकला जात नाही, तो रक्तात साठतो आणि उरलीसुरली किडनी अजून लवकर खराब होते. नुसत्या चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या बरोब्बर उलट.

माझ्या बोक्यालाही हाच आजार आहे. मी सुरुवातीला नवीन फूड जुन्यात मिसळलंच नाही, शेजारी वेगळ्या बशीत चमचाभर ठेवायचे. पाऊच गरम पाण्याच्या वाटीत थोडा वेळ बुडवून कोमट करायचे कारण मांजर आधी वासावर खाते, फ्रीजमधलं गार फूड तिला खाण्यासारखं वाटतच नाही. पहिल्यांदा त्याने नाक जवळ नेलं, कडेची ग्रेव्ही दोनदा चाटली आणि गेला निघून. मला तेवढंही पुरे होतं. मग हळूहळू जुनं कमी, नवीन जास्त. पाकिटावर 7 ते 10 दिवस लिहिलेलं असतं पण म्हाताऱ्या मांजरीला 3-4 आठवडे लागले तरी लागू देत. आणि गोळी त्या फूडमध्ये लपवून अजिबात देऊ नका, एकदा का कडू लागलं की ते फूड कायमचं बाद.

ओळखीच्यांकडे उरलेलं युरिनरी फूड (लघवीच्या खड्यांसारख्या त्रासासाठीचं) असेल तर तेही डाएटच म्हणून देऊ नका, त्यातलं बरंचसं लघवी आम्लधर्मी करायला बनवलेलं असतं आणि किडनीच्या मांजरीत आधीच आम्ल वाढायची भीती असते. घरात पिल्लू असेल तर त्याला किडनीचं फूड खाऊ देऊ नका, वाढत्या वयाला प्रोटीन आणि फॉस्फरस दोन्ही लागतात.

एक फूड नाही आवडलं तर दुसऱ्या कंपनीचं बघा, ड्राय नको असेल तर वेट. मांजरीच्या पोटात पाणी जास्त जातं म्हणून मला स्वतःला वेटच बरं वाटतं. आणि काहीच नाही जमलं तर डॉक्टरांना फॉस्फेट बाइंडरबद्दल विचारा, ते नेहमीच्या खाण्यात मिसळतात आणि खाण्यातला फॉस्फरस आतड्यातच अडवतात. फक्त ते स्वतःच्या मनाने सुरू करू नका, डोस रक्तातला फॉस्फरस बघून ठरतो आणि महिन्याभराने परत तपासावा लागतो.