खिशातलं आईचं पत्र

प्रश्न : अमेरिकेत एका आमदाराच्या मतामुळे बायकांना मताधिकार मिळाला, असं माझी नात म्हणते. हे खरं का?
– एक आजी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आजी, नात बरोबर सांगते. स्त्रियांच्या मताधिकाराच्या घटनादुरुस्तीला तेव्हाच्या ४८ पैकी ३६ राज्यांची संमती हवी होती. ३५ झाली होती. १८ ऑगस्ट १९२० रोजी टेनेसीच्या विधानसभेत मतदान झालं. २४ वर्षांचा आमदार हॅरी बर्न कोटाला लाल गुलाब लावून आला होता. लाल गुलाब म्हणजे विरोधक. ठराव बाजूला ठेवावा यासाठी त्याने दोनदा मत दिलंही. पण बँक्स टर्नर या सदस्याने बाजू बदलल्यामुळे ४८–४८ अशी बरोबरी झाली आणि ठराव बाजूला पडला नाही (टर्नरचं नाव कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं). मग मूळ ठरावावर मत घेतलं, तेव्हा बर्न ‘होय’ म्हणाला आणि ३६वं राज्य मिळालं.

त्याच्या खिशात आईचं पत्र होतं. फेब बर्न, शेती सांभाळणारी विधवा. मताधिकाराच्या बाजूने मत दे, असं तिने लेकाला कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने सभागृहात आईचा सल्ला उघडपणे सांगितला.

नातीला एवढं मात्र जरूर सांगा : अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रियांना प्रत्यक्ष मत देता यायला १९६५चा मताधिकार कायदा यावा लागला. आणि आपल्याकडे मुंबई विधिमंडळाने स्त्रियांना मताधिकार दिला तो १९२१ मध्ये, टेनेसीनंतर वर्षभरातच. माझ्या रावपुऱ्यातल्या आजीने मतदानाचा एकही दिवस चुकवला नाही. उत्तर लिहिताना तिचं शाई लागलेलं बोट डोळ्यांसमोर होतं.