घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांना मेणाचे वंगण लावावे की पावडर कोटिंग करावे?

.38 स्पेशल रिव्हॉल्व्हरसाठी ओतलेल्या गोळ्यांना मेणाचे वंगण भरत राहावे की पावडर कोटिंगकडे (गोळीवर भाजून बसवलेल्या पावडरच्या थराकडे) वळावे, असे आपण विचारले आहे. मी टेक्सासमध्ये राहतो आणि रेंजवरच्या सरावापुरत्या गोळ्या स्वतः ओततो. (भारतात परवान्याशिवाय काडतुसे बनवणे शस्त्र अधिनियम, 1959 प्रमाणे गुन्हा आहे, हे तिकडच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.) माझा कौल कोटिंगला आहे, मात्र त्याआधी गोळीचा व्यास मोजावा.

हे मी ठेच लागून शिकलो. सुरुवातीला माझ्या नळीच्या आट्यांमध्ये शिशाचे पापुद्रे बसत, ते ब्रशने खरवडताना रविवारची दुपार जाई, आणि मी दोष वंगणाला देऊन तीन वेळा वंगण बदलले. शेवटी मायक्रोमीटर लावला, तेव्हा गोळी 0.357 इंच आणि सिलिंडरची तोंडे (जिथून गोळी नळीत शिरते ती भोके) 0.358 इंच निघाली. पुण्याच्या वर्कशॉपमध्ये ज्याला ‘एक थाऊ’ म्हणतात तेवढाच हा फरक. पण तेवढ्या फटीतून तापलेला वायू गोळीच्या कडेने निसटतो, शिसे कापत जातो आणि ते नळीला चिकटते. अशा सैल गोळीला कोणतेही मेण वाचवू शकत नाही.

माप जुळल्यावर मेणाचे वंगणही उत्तम काम देते. मधमाश्यांचे मेण आणि अ‍ॅलॉक्स (पेट्रोलियमपासून बनवलेले वंगण) यांचे निम्मेनिम्मे मिश्रण अमेरिकेत कित्येक वर्षे रुळलेले आहे. त्याची अडचण वेगळी आहे: धूर होतो, गोळ्या चिकट राहतात व धूळ धरतात, आणि इथल्या उन्हात गाडीत विसरलेल्या डब्यातले मेण पाझरू लागते.

कोटिंगसाठी मी गोळ्या आणि पॉलिएस्टर पावडर प्लास्टिकच्या डब्यात घालून मिनिटभर खळखळून हलवतो. घर्षणाने निर्माण झालेल्या स्थिर विजेमुळे पावडर गोळीला धरते. नंतर सुमारे 200 अंश सेल्सिअसला वीस मिनिटे भाजतो, तेही केवळ याच कामासाठी ठेवलेल्या ओव्हनमध्ये, कारण शिशाला लागलेले भांडे पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. भाजल्यावर एक गोळी हातोडीने चपटी करून पाहावी. थर सोलून निघाला तर भाजणी कच्ची राहिली, असे समजावे. थरामुळे व्यास एक-दोन थाऊ वाढतो, म्हणून मापाच्या डायमधून (ठरावीक व्यासाच्या छिद्रातून) गोळी दाबून काढणे हे काम कोटिंगनंतरचे. गोळ्या साच्यातून थेट पाण्यात टाकून कडक केल्या असतील, तर भाजताना तो कडकपणा बराचसा उतरतो, पण .38च्या वेगाला त्याने बिघडत नाही. मऊ शिसेही इथे चालते. छापखान्यातल्या लायनोटाइपच्या कडक मिश्रधातूमागे लागण्याचे कारण नाही.

काळी दारू (जुन्या पद्धतीची बंदुकीची दारू) वापरणाऱ्यांनी मात्र मेण सोडू नये. तिची राख नळीत कडक होऊन बसते आणि ती मऊ ठेवायला मेण-चरबीच लागते. कोटिंगला ते साधत नाही. एनफिल्ड रायफलीच्या काडतुसांना चरबी लावण्यामागे हेही एक कारण होते, आणि 1857 मध्ये त्याच चरबीवरून काय पेटले ते आपण जाणतोच. आपल्या .38मध्ये धूरविरहित दारू असणार, तेव्हा आपण निःशंकपणे कोटिंग करावे.