१९६८ च्या कॅमेरोला कॉर्व्हेटचे नवे रोटर बसवल्यास गाडी लवकर थांबेल का?

तुमची कॅमेरो १९६८ ची, चारही चाकांना ड्रम ब्रेक, रिम १५ इंची, आणि पुढे सी-फाइव्ह (१९९७ ते २००४ च्या पिढीतल्या) कॉर्व्हेटचे रोटर, म्हणजे डिस्क ब्रेकच्या चकत्या, टाकायच्या आहेत. १५ इंची रिममध्ये ते मावणार नाहीत. रोटर ३२५ मिलिमीटरचा, त्यावर पॅड दाबणारा कॅलिपर. १७ इंची रिम लागते. दोन्ही गाड्यांना पाच बोल्ट, पावणेपाच इंचांच्या वर्तुळावर, म्हणून लोक फसतात. बोल्ट जुळले तरी कॅलिपरचा ब्रॅकेट आणि हब जुळायचे राहतातच. शिवाय चाक थोडं बाहेर सरकतं आणि टायर फेंडरला घासू शकतो.

पण ‘लवकर थांबेल का’ हे वाचून मला राहवलं नाही. मी डेट्रॉइटजवळ राहते, ब्रेकच्या टेस्टिंगमध्येच नोकरी केली. माझे धाकटे दीर हेच वाक्य वर्षानुवर्षं ऐकवत आलेत: रोटर मोठा, की गाडी पटकन थांबते. त्यांचीही ६८ ची कॅमेरोच. रोटर, कॅलिपर, रिम सगळं आणलं, पण मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, जुना ड्रमचाच ठेवला. मी म्हटलं, “भावोजी, आधी तो बदला.” तर म्हणाले, “वहिनी, तुमचं सगळं लॅबमधलं असतं.”

ऑगस्टात वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ असते, तिथे निघालो. रांगेत मुंगीच्या पावलाने चाललो होतो, तरी पुढून जळका वास. ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी मोकळी होईना. पुढची दोन्ही चाकं इतकी तापलेली की हात जवळ नेववेना.

कारण साधं होतं. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, तो पाइपात साधारण दहा पीएसआय दाब धरून ठेवतो. ड्रमला ते चालतं, कारण शू (ड्रमला आतून घासणारे पट्टे) मागे ओढायला स्प्रिंग असते. डिस्कला स्प्रिंग नाही. पिस्टनभोवतीचं रबरी सील त्याला केसभर मागे घेतं, तेवढंच. दहा पीएसआयपुढे ते सील हरतं आणि पॅड घासत राहतात. घरी आल्यावर पुढच्या लाइनच्या पितळी सीटमागचा तो व्हॉल्व्ह मीच काढला. मागचा ठेवला, मागे ड्रमच आहेत. नंतर डिस्क-ड्रमचा मास्टर सिलिंडर आणि मागच्या ब्रेकचा दाब आवरणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह आले, तेव्हा कुठे गाडी सरळ थांबायला लागली. श्रेय मात्र आजही त्या रोटरलाच मिळतं.

भावोजींना सांगितलं तेच तुम्हाला सांगते. थंड ब्रेकवर पहिल्या दाबात साडेनऊ इंची ड्रमही चाक लॉक करतो. चाक लॉक झालं की पुढचं सगळं टायरवर आहे, रोटरवर नाही. फरक पडतो लागोपाठच्या तिसऱ्या-चौथ्या ब्रेकला: ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खाली जातं. मोठा रोटर उष्णता पचवतो. त्याचं काम तेच. रेसट्रॅकवर जाणार नसाल तर ११ इंची डिस्क घ्या, कॅमेरोला तेव्हा ऑप्शन म्हणून तीच मिळायची, आणि १५ इंची रिमही वाचेल. उरलेले पैसे चांगल्या टायरवर घाला.

हो, एक राहिलं. डिस्कला ड्रमपेक्षा पायाचा जोर जास्त लागतो, म्हणून इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पायाला मदत करणारा बूस्टर लागेल. इंजिनात ‘गरम’ कॅम (जास्त ताकदीसाठीचा कॅमशाफ्ट) असेल तर व्हॅक्यूम कमी पडतो. आधी गेज लावून बघा. आणि प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह टाळू नका. जोरात ब्रेक मारल्यावर मागचे ड्रम आधी लॉक झाले तर गाडी गर्रकन फिरते. पहिली चाचणी रिकाम्या पार्किंगमध्ये घ्या आणि त्याआधी स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, ते पाहा.