एकच मोबाइल असताना वर्गात ऑगमेंटेड रिॲलिटीचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय, शाळेत धड चालणारा एकच मोबाइल असेल तर वर्गात एआर (ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खऱ्या जागेत आकृती उभी करून दाखवणं) वापरून काही साधतं का, की ती नुसती गंमत होते. मी नववी-दहावीला गणित शिकवते. माझ्या अनुभवात एआर मोजक्याच ठिकाणी कामाला येतं, पण तिथे त्याला तोड नाही.

माझ्यासाठी ते ठिकाण म्हणजे शंकू. घनफळाला लंब उंची (टोकापासून सरळ खाली तळाच्या केंद्रापर्यंत) लागते, वक्रपृष्ठफळाला तिरकस उंची (टोकापासून कडेपर्यंत). सूत्रं मुलांना तोंडपाठ असतात, तरी दरवर्षी अदलाबदल होतेच. कागदावर शंकू चपटा होतो, मग दोन्ही रेषा सारख्याच दिसतात. पुठ्ठ्याचा शंकू करून घेतला की तिरकस उंची हाताला लागते, कारण कापलेल्या वर्तुळपाकळीची त्रिज्या म्हणजेच ती. लंब उंची मात्र आतल्या पोकळीत असते. तिथे दाखवायला काहीच नसतं.

म्हणून मी जिओजेब्रा थ्रीडी कॅल्क्युलेटर वापरते. ॲप मोफत आहे. त्रिज्या ५ आणि उंची १२ असलेला शंकू आदल्या रात्री घरीच तयार ठेवते. टोकापासून तळाच्या केंद्रापर्यंत एक रेषाखंड, टोकापासून कडेपर्यंत दुसरा, दोन्हींचे रंग वेगळे. वर्गात तो जमिनीवर उभा करायचा आणि बोटांनी ताणून मुलांच्या खांद्याइतका मोठा करायचा.

पण दाखवायच्या आधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा. टोकावरची मुंगी सरळ कडेला उतरली तर किती चालेल? टोकातून आत ओळंबा सोडला तर जमिनीपर्यंत दोरी किती लागेल? ही पायरी कधीच गाळू नका. अंदाज लिहिलेला असला की मूल उत्तर शोधायला बघतं. नाहीतर सगळे नुसते ‘बाई, मला द्या ना’ करत राहतात. (उत्तरं १३ आणि १२.)

मागच्या वर्षी एका मुलीने मोबाइल थेट शंकूच्या आत नेला, तो वर टोकाकडे वळवला आणि ओरडली, “बाई, हा तर तंबूचा मधला खांब!” त्या दिवसापासून आमच्या वर्गात लंब उंचीला ‘खांब’ आणि तिरकस उंचीला ‘कापडाची बाजू’ म्हणतात. तंबूला कापड किती लागेल, या उदाहरणात आता कोणी खांब घालत नाही. दहावीला शंकुछेदातही (टोकाचा भाग कापून उरलेला शंकू) हेच करते. दोन त्रिज्यांच्या वजाबाकीतून काटकोन त्रिकोण कसा तयार होतो, ते आतून बघितल्यावर पटतं.

एक मोबाइल पुरतो. पाच-सहा जणांचा गट करा. एकाने मोबाइल धरायचा, बाकीच्यांनी ‘खाली घे, आत जा’ असं सांगायचं. सांगता सांगता त्यांच्या तोंडी गणिताची भाषा येते, हा मला झालेला मोठा फायदा. स्मार्ट टीव्ही असेल तर स्क्रीन त्यावर दाखवा.

दोन अडचणी नक्की येतील. एक, एआर प्रत्येक अँड्रॉइड मोबाइलवर चालत नाही. त्याला गुगलच्या एआरकोअर या सॉफ्टवेअरचा आधार लागतो आणि स्वस्त मोबाइलमध्ये तो अनेकदा नसतो, म्हणून घरी आधी तपासा. दुसरी, पांढऱ्या चकचकीत टाइल्सवर आकृती ठरत नाही. कॅमेऱ्याला जमीन ओळखायला ठिपके, रेघा, डाग असं काहीतरी लागतं. वर्तमानपत्राची पानं किंवा नक्षीची सतरंजी अंथरा आणि खिडकीजवळ बसा.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये गुगलवर शोधून घराघरांत उभा केलेला वाघ तुम्हाला आठवत असेल. तसा वाघ वर्गात आणला तर मुलं खूश होतील, पण त्या तासाला तुम्हाला काय शिकवायचं आहे ते आधी ठरवा. जे हातात घेता येतं, फुलाचे भाग किंवा ठोकळा, त्याला एआर नकोच. मुलांना खरं फूल उघडू द्या. तुम्ही विज्ञान शिकवता, तर मी हृदयाच्या कप्प्यांपासून सुरुवात केली असती. बाहेरून न दिसणारी तीही एक पोकळीच आहे.