रपटा, दिवे आणि कॅमेरे : पैसा मागायचा कुणाकडे

राम राम भाऊ,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वणी तालुक्यातलं अकराशे वस्तीचं गाव, शाळेच्या वाटेवर नाल्याचा रपटा, म्हणजे ज्याच्यावरून पुराचं पाणी वाहतं असा बुटका पूल, पावसाळ्यात तो बुडतो आणि पोरं अलीकडे-पलीकडे अडकतात. आमदारसाहेबांना दोन निवेदनं झाली, कलेक्टर ऑफिसात एक झालं, उत्तर एकच : 'निधी उपलब्ध होताच विचार करण्यात येईल.' गावाच्या आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, उजेड नाही म्हणून दिवे पाहिजेत, आणि वावरातले मोटारपंप चोरीला जातात म्हणून कॅमेरे. तिन्ही मागण्या एकाच अर्जात लिहिल्या, असंही तुम्ही सांगितलं.

मी ग्रामसेवक म्हणून लागलो आणि ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. बहुतेक नोकरी यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यात गेली. टेबलाच्या त्या बाजूनं असे अर्ज शेकड्यानं पाहिलेत. तीन मागण्यांच्या अर्जाला वाली नसतो. बांधकामवाला दिव्यांसाठी तो पंचायत विभागाकडे ढकलतो, पंचायतवाला कॅमेऱ्यांसाठी पोलिसांकडे, आणि रपट्याचं वाक्य मधल्यामधे राहून जातं. आधी तीन वेगळे अर्ज करा. बाकीचं त्यानंतर.

रपट्याचं सविस्तर लिहितो, कारण जीव तिथं जातो.

सगळे जण विचारतात, पैसा कोण देईल? त्याच्या आधी एक प्रश्न आहे, रस्ता कोणाचा? माझ्या एका गावात असाच रपटा होता. सरपंच तडफदार, दर महिन्याला अर्ज. जिल्हा परिषद म्हणे सार्वजनिक बांधकामचा, सार्वजनिक बांधकाम म्हणे आमच्या यादीत नाही, एकानं तर नाला आहे म्हणून पाटबंधाऱ्याकडे पाठवला. तीन वर्षं गेली. शेवटी बांधकाम उपविभागातल्या एका म्हाताऱ्या आरेखकानं कपाटातून नकाशा काढला आणि म्हणाला, "साहेब, ह्या रस्त्याले नंबरच नाई. कागदावर हा रस्ता हायेच नाई त पूल कशावर बांधता?" गावकऱ्यांच्या तीन पिढ्या त्या वाटेनं बैलगाड्या हाकत आल्या होत्या, आणि सरकारच्या लेखी ती शिवेवरची पाणंद होती.

म्हणून पहिलं काम हे. पंचायत समितीतल्या जिल्हा परिषद बांधकाम उपविभागात जा आणि रस्ते विकास योजना २००१–२०२१ च्या यादीत तुमचा रस्ता पाहा. ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असला तर तो जिल्हा परिषदेचा. प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्यमार्ग असला तर सार्वजनिक बांधकाम विभागाचा. क्रमांक, कुठून कुठपर्यंत, आणि रपटा कितव्या किलोमीटरवर येतो, हे लिहून घ्या. क्रमांक नसेल तर दर्जा मिळवण्याचा प्रस्ताव आधी, पुलाचा नंतर. हे कंटाळवाणं आहे, मला मान्य. पण क्रमांक नसलेल्या रस्त्यावर अंदाजपत्रक होत नाही, आणि अंदाजपत्रक नसलेल्या कामाला मंत्रीसुद्धा पैसे देऊ शकत नाही.

दुसरं काम पुराव्याचं. इंजिनिअर आला की पहिला प्रश्न विचारतो, पाणी कुठपर्यंत चढतं? मग बाया-माणसं हात वर करून दाखवतात, कुणी कमरेएवढं, कुणी डोक्याएवढं. त्यापेक्षा पूर ओसरल्याबरोबर काठच्या बाभळीवर किंवा कुणाच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रेघ मारा, तारीख लिहा, फोटो काढा. रपटा किती दिवस बंद होता याची एक साधी वही ठेवा. त्याहून पक्का कागद शाळेत आहे. पोरं पलीकडे राहिली त्या दिवसांची गैरहजेरी हजेरीपटावर असतेच. मुख्याध्यापकांकडून त्या तारखांचं पत्र घ्या. 'विद्यार्थ्यांची गैरसोय होते' हे वाक्य प्रत्येक निवेदनात असतं, ते कुणी वाचत नाही. तारखा असलेलं पत्र वाचतात.

आता मागायचं काय? पुष्कळ गावं पाइप टाकून रपटा उंच करून मागतात, कारण स्वस्त पडतो. मी तरी नको म्हणेन. आपल्याकडच्या नाल्याला पहिल्या पुरात पऱ्हाट्या, तुराट्या आणि बेशरमाची झुडपं वाहून येतात, पाइप बोळा घातल्यासारखे बंद होतात, आणि पाणी बाजूची माती कापून रस्ता घेऊन जातं. रपटा जागेवर, दोन्हीकडचा भराव गायब, हे चित्र तुम्हीही पाहिलं असेल. स्लॅबची मोरी किंवा बॉक्स, म्हणजे काँक्रीटच्या पेटीसारखी मोरी, मागा. एकूण लांबी ६ मीटरपर्यंत असली तर तिला मोरी म्हणतात, त्यापुढे ६० मीटरपर्यंत लहान पूल. या एका शब्दानं खर्च आणि मंजुरीची पायरी दोन्ही बदलतात. काळ्या मातीत पाया खोल न्यावा लागतो, त्यामुळे गावातल्या ठेकेदारानं तोंडी सांगितलेला आकडा धरून बसू नका. शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्या.

आता पैसा. ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या पैशावर पुलाची आशा ठेवू नका. पंधराव्या आयोगाचा राज्यात ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला होता. २०२१ ते २०२६ या काळात त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच बांधलेला होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरला ४० टक्के अबंधित. तुमच्याएवढ्या गावाला वर्षाचे सगळे मिळून पाच-सात लाखांच्या पुढे क्वचितच येतात, त्यातल्या ४० टक्क्यांत मोरीचं लोखंडसुद्धा येणार नाही. वरच्यांचा वाटा पाहावा तर आपल्या यवतमाळ-वर्धा-अमरावतीच्या जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली, प्रशासक बसले, आणि निवडून आलेली बॉडी नाही म्हणून त्यांचं अनुदान अडकलं. सोळाव्या आयोगाचा काळ २०२६-२७ पासूनचा. बंधित-अबंधितचं गणित नव्या सूचनांप्रमाणे ग्रामसेवकाकडून समजून घ्या, पण मोठ्या पुलाला ती थैली लहानच पडेल.

आमदारांना दोन निवेदनं दिली म्हणता. आमदार निधी वर्षाला ५ कोटींचा, आणि एका मतदारसंघात गावं किती ते तुम्हीच मोजा. आमदार पैसे देत नाहीत, शिफारसपत्र देतात. मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडून होते. म्हणून 'साहेबांनी शब्द दिला' याला अर्थ नाही, पत्राचा जावक क्रमांक आहे का ते पाहा. शिवाय पंचवीस गावांना खूश ठेवायचं असतं, तिथं आमदार निधी दहा-दहा लाखांच्या सिमेंट रस्त्यात आणि सभामंडपात वाटला जातो. तुमच्या मोरीसाठी त्यांच्याकडून दुसरी गोष्ट मागा. जिल्हा नियोजन समितीच्या यादीत ३०५४ किंवा ५०५४ खाली काम घालून द्या, असं म्हणा. ही रस्ते-पुलांची लेखाशीर्षं, म्हणजे सरकारी हिशेबातली खर्चाची खाती, पहिलं महसुली, दुसरं भांडवली. तिसरा रस्ता ग्रामविकास खात्याच्या २५१५ चा, तो मुंबईतून मंजूर होतो आणि लोकप्रतिनिधीच्या पत्राशिवाय हलत नाही. अर्जावर नुसतं 'निधी द्यावा' लिहिणाऱ्याला आणि लेखाशीर्ष लिहिणाऱ्याला ऑफिसात मिळणारी खुर्ची वेगळी असते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कोणत्या थैलीतून केव्हा मागायचं, यालाही हंगाम असतो. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरतं, पुरवणी मागण्या येतात. त्यात काम बसवायचं तर दिवाळीच्या आत अंदाजपत्रकासह प्रस्ताव वर गेलेला पाहिजे. गावोगावची मंडळी मात्र अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन नागपूर गाठतात, आमदार निवासाबाहेर फोटो काढतात आणि परत येतात. जिल्हा नियोजनचा आराखडाही हिवाळ्यातच ठरतो. आणखी एक, जिल्हा परिषदेला नियोजनचा पैसा खर्चायला पुढच्या मार्चपर्यंत मुभा असते, इतर सरकारी खात्यांचा ३१ मार्चला परत जातो. रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर हा तुमचा फायदा आहे.

तुमच्या तालुक्यात आणखी एक थैली आहे आणि तुम्ही तिचा उल्लेखच केला नाही. कोळशाच्या खाणी. २०१५ च्या खनिज कायद्यातल्या दुरुस्तीनंतर खाणवाल्यांना रॉयल्टीवर वेगळी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते. जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के, लिलावातून गेलेल्यांना १० टक्के. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत खाणीपासून १५ किलोमीटरच्या आतलं क्षेत्र थेट बाधित धरलं आहे. तुमचं गाव त्यात बसतं का ते आधी पाहा. फक्त एक लक्षात घ्या, या निधीचा किमान ७० टक्के भाग पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या कामांना जायला हवा. रस्ते-पूल उरलेल्या भागात येतात आणि तिथं गर्दी मोठी. माझी युक्ती अशी : गावच्या पाण्याचं काम खनिज निधीतून मागा, आणि नियोजनकडे मोरीवर जोर लावा. दोन्ही ठिकाणी पूल मागितला तर दोन्ही ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवतात. शेजारच्या झरी-जामणीतल्या पेसा गावांना, म्हणजे आदिवासी भागाच्या पंचायत कायद्यात येणाऱ्या गावांना, आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो, ती वेगळी सोय. तुमचं गाव त्यात नसेल तर शेजाऱ्याकडे पाहून हळहळू नका.

रपटा या पावसाळ्यात वाहून गेलाच, तर त्याच दिवशी तलाठ्याला आणि शाखा अभियंत्याला कळवा, पंचनामा करून घ्या. पूरहानीत, बांधकामवाले ज्याला एफडीआर म्हणतात त्यात, दुरुस्तीचा वेगळा मार्ग उघडतो. आठवडाभरानं गेलात तर भराव गावानंच मुरूम टाकून बुजवलेला असतो आणि हानी दाखवायला काही उरत नाही. श्रमदान चांगलं, पण आधी फोटो.

पुलाला चांगल्यात चांगली दोन वर्षं लागतील. तोपर्यंत काय? रपट्याच्या दोन्ही कडांना पांढरे-लाल रंगवलेले दगड लावा, म्हणजे पाण्याखाली कड कुठं संपते ते दिसतं. एक खांब रोवून त्यावर फुटांच्या खुणा करा. दोन्ही टोकांना साखळी, आणि पाणी स्लॅबवर आलं की ती लावायची जबाबदारी कोतवाल किंवा पोलीस पाटलाकडे. खर्च काही हजारांचा, ग्रामनिधीतून होतो. पुरात माणूस गेला तर घरच्यांना आपत्ती निधीतून ४ लाख मिळतात. मी असे दोन प्रस्ताव स्वतःच्या हातानं लिहिले. एकात पोरगं नववीत होतं. साखळी त्या रपट्यालाही नव्हती.

दिव्यांचं थोडक्यात. हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा मोठ्या दिव्यांचा झुबका, मागू नका. खासदार-आमदार निधीतून तो पटकन मिळतो, उद्‌घाटनाला बरा दिसतो, आणि त्याचं बिल ग्रामपंचायतीच्या गळ्यात पडतं. पथदिव्यांची थकबाकी इतकी वाढली होती की २०२१ मध्ये ती वित्त आयोगाच्या पैशातून भरायचे आदेश निघाले आणि सरपंच मंडळी खवळली. एका गावी तर वीज कापल्यावर हायमास्टच्या खांबाला पोळ्याचं तोरण बांधताना पाहिलं. आखरावर आणि शाळेच्या वाटेवर सहा-आठ एलईडी पुरतील. ते अबंधित अनुदानातून होतील, फक्त काम गावाच्या विकास आराखड्यात नोंदलेलं हवं. आराखड्यात नसलेल्या कामावर तो पैसा खर्चता येत नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत नोंदवून घ्या. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतली कमी संख्या लागते. तहकूब झाली तर पुढच्या सभेला ती अट नाही, पण तहकूब सभेचा ठराव विरोधक कोर्टात नेतात, तेव्हा माणसं जमवाच.

कॅमेऱ्यांबद्दल तुम्हाला आवडणार नाही असं लिहितो. चोरी वावरात होते, कॅमेरा चौकात लागतो. रात्री दोनला टेम्पो गेला हे त्यात दिसेल, नंबर दिसेलच असं नाही. वादळात वीज खालीवर झाली की डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, जातो, आणि दुरुस्तीला कुणाकडे पैसा नसतो. तरी लावायचेच असतील तर गावात शिरणाऱ्या दोनच तोंडांवर लावा. जिल्हा नियोजनमधून पोलीस खात्याला अशा कामासाठी पैसा मिळतो, म्हणून अर्ज ठाणेदारांमार्फत एसपी ऑफिसला द्या आणि मोटार चोरीच्या तक्रारींच्या नकला जोडा. तक्रारीच दिल्या नसतील, आणि आपल्याकडे बहुधा देत नाहीत, तर कागदावर तुमच्या गावात चोरी होतच नाही.

सध्या एवढंच करा. सोमवारी बांधकाम उपविभागात जाऊन रस्त्याचा क्रमांक काढा. बाबूनं 'उद्या या' म्हटलं तर उद्या जा. क्रमांक मिळाला की इथं टाका, ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा मी लिहून देतो.