ऑफिसच्या खिडकीपायी कॉलेज सोडायचं का?

"मॅडम, मला हे कॉलेजच नको." हे वाक्य माझ्याकडे दरवर्षी येतं. थोडं खोदलं की बहुतेक वेळा राग शिकवण्यावर नसतो, ऑफिसवर असतो.

मृणाल (नाव बदललं आहे) बार्शीकडची, पुण्यात हॉस्टेलवर राहणारी, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) स्कॉलरशिपचा फॉर्म कित्येक महिने 'इन्स्टिट्यूट लेव्हलला पेंडिंग'. मार्कशीटवर आईचं नाव चुकलेलं. बोनाफाइड मागायला गेलं की "सर नाहीत, उद्या या" आणि उद्या गेलं की "सकाळीच यायचं ना!" तिने फाइल माझ्यापुढे ठेवली. नावदुरुस्तीच्या अर्जाच्या तीन झेरॉक्स होत्या, पण एकीवरही आवक शिक्का, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का, नव्हता. घरून सल्ला एकच : त्यांच्या तोंडी लागू नकोस. (पालक हे काळजीपोटीच म्हणतात, पण मुलं त्यामुळे जास्त एकटी पडतात.)

कॉलेज चांगलं की वाईट, यावर मी बोललेच नाही. गेल्या आठवड्यात वर्गात काय केलंस, एवढंच विचारलं. मग ती कांद्याच्या मुळाच्या टोकाच्या स्लाइडबद्दल बोलत सुटली. तिच्या पेशी एकमेकींवर चढायच्या, विभाजन दिसायचंच नाही. बॉटनीच्या मॅडमनी कव्हरस्लिपवर अंगठा कसा दाबायचा ते दाखवलं, शनिवारी तिच्यासाठी लॅब उघडून दिली आणि गुणसूत्रं दिसली. हे सांगताना फाइल तिच्या मांडीवरून खाली घसरली, तिला पत्ताच नव्हता.

मग दुसरी बाजू काढली. कॉलेज बदलायचं तर टीसी हवी, ना हरकत दाखला हवा, नव्या ठिकाणी विषय जुळायला हवेत. "म्हणजे परत त्याच खिडकीवर?" ती हसली. "मूळ कागदपत्रं अडकवली तर?" हीसुद्धा भीती होती. कागदपत्रं तशी अडकवून ठेवता येत नाहीत, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2018 मध्येच तसं बजावलं आहे.

राहायचं ठरलं तरी गप्प राहायचं नव्हतं. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते आणि तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिथे समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. मृणालने एका पानाचा अर्ज लिहिला. त्यात चिडचिड नाही, फक्त तारखा आणि रखडलेली कामं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. क्लार्क कुरकुरला, पण शिक्का मारला.

सगळ्यांना मी थांबायलाच सांगते असं मात्र नाही. तासच होत नसतील, तक्रार केली म्हणून प्रॅक्टिकलचे मार्क कापले जात असतील किंवा छळ होत असेल, तर वर्ष गेलं तरी चालेल, बाहेर पड म्हणते. स्कॉलरशिपविना फी भरणं घराला झेपतच नसेल, तर तो हिशेबही आधी मांडावा लागतो. मृणालच्या घरी एक हप्ता कसाबसा भरता येत होता.

स्कॉलरशिपचा फॉर्म समितीच्या बैठकीआधीच पुढे सरकला. आईचं नाव अजून विद्यापीठात अडकलंय. मृणाल तिसरं वर्ष तिथेच करतेय, एमएस्सीला मात्र दुसरीकडे जायचं म्हणते.