मेन पिशवीतच राहू दे

प्रिय मुली,

रविवारी तू केंडोचा, आपल्या या जपानी तलवारकलेचा, केइको म्हणजे सराव अर्ध्यावर सोडून निघालीस, ते मी पाहिलं. मेन, ते जाळीचं शिरस्त्राण, काढून मांडीवर घेतलंस, दोऱ्या गुंडाळल्यास, फळ्यांना वाकून नमस्कार केलास आणि चालू पडलीस. रात्री तुझा मेसेज आला: "मावशी, पाच वर्षांत सगळं गेलं. सोडून देऊ, की जिद्दीनं तिसऱ्या दानच्या, पुढच्या श्रेणीच्या, परीक्षेला बसू?"

दोन्ही नको. आधी पाय.

तुला केंडो किती प्रिय आहे ते मला सांगू नकोस आणि माझ्याकडून शाबासकीचीही वाट बघू नकोस. पुण्याहून येताना दोन बॅगांमधल्या एका बॅगेत तू बोगू, अख्खं चिलखत, भरून आणलास, त्यात सगळं आलं. तुझा दुसरा दान तुझाच आहे, एकदा दिलेला दान कोणी परत घेत नाही. दुसऱ्यानंतर तिसऱ्यासाठी दोन वर्षं थांबायचं असतं, ती कधीच उलटली. म्हणजे नियमाप्रमाणे तू उद्याही परीक्षेला बसू शकतेस. पण नियमात पात्र ठरलीस म्हणून पोटरी पात्र ठरत नाही.

नीट ऐक. परतलेल्या माणसाचे हात फारसं विसरत नाहीत. रविवारी तुझे सुरुवातीचे कोते, मनगटावरचे वार, मी पाहिले, सुंदर होते. डोळाही विसरत नाही, समोरच्याची शिनाई, ती बांबूची तलवार, जराशी खाली झुकली की तुला फट दिसते. आणि फट दिसली की मन जुनीच उडी मागतं, विद्यापीठात असतानाची. ती उडी द्यायची कोणी? डाव्या पायानं. उजवा पाय फळीवर आपटतो, आवाज त्याचा होतो, लोक त्याच्याकडे बघतात, पण अख्खं अंग ढकलतो तो डावा. तुझा डावा पाय पाच वर्षं ऑफिसच्या टेबलाखाली होता. त्याच्यावर तू पाच किलोचा बोगू चढवलास आणि पहिल्याच दिवशी वीस वर्षांच्या पोरांसमोर उभी राहिलीस. आता दम लागला म्हणून रडू येतंय? दम लागला हे नशीब समज, त्यामुळे थांबलीस तरी.

मी थांबले नव्हते.

नऊ वर्षांच्या खंडानंतर मी परतले ती मुलामुळे. तो पहिलीत होता, त्याला डोजोत, केंडोच्या सरावशाळेत, घातलं आणि बाकावर बसून बघता बघता माझेच हात शिवशिवायला लागले. अशा परतणाऱ्यांसाठी जपानीत शब्दच आहे, 'रिबाकेन': रिव्हायव्हलमधला 'रिबा' आणि केंडोतला 'केन'. त्यात पोराबाळांमागून आलेले आईबाप पुष्कळ. माझं वय तेव्हा एकेचाळीस. पहिल्याच संध्याकाळी मेन बांधलं. कोणी अडवलं नाही, आणि अडवलं असतं तरी मी ऐकलं नसतं. तिसऱ्या आठवड्यात समोरच्याच्या शिनाईचं टोक खाली गेलेलं दिसलं, मी झेपावले आणि डाव्या टाचेवर मागून कोणीतरी शिनाई हाणल्यासारखं झालं. रागानं वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. टाचेमागचं अकिलीस टेंडन तुटलं होतं. केंडोत ही दुखापत सगळ्यांना माहीत असते, आणि बहुतेक वेळा ती डाव्याच पायाला होते.

आमचे सेन्सेई, गुरुजी, तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे, सातवा दान. मी त्यांना म्हटलं होतं, जरा लयीत येते, मग तुमच्यासमोर उभी राहते. शस्त्रक्रिया, प्लास्टर, कुबड्या करत पुन्हा डोजोत उभी राहायला मला दहा महिने लागले. तोवर त्यांनी बोगू बांधणं थांबवलं होतं. भिंतीपाशी खुर्चीवर बसून बघायचे. डोजोतल्या लाकडी नामपट्ट्या तू पाहिल्यास ना, दानच्या क्रमानं टांगलेल्या? माझी पट्टी नऊ वर्षांत त्यांनी कोणाला उतरवू दिली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. त्यांच्यासमोर शिनाई घेऊन एकदाही मला उभं राहायला मिळालं नाही. तीन महिने नुसते पाय केले असते तर मिळालं असतं. तीन महिने आणि दहा महिने, हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.

युद्धानंतर केंडोवर बंदी आली आणि १९५२ साली अखिल जपान केंडो फेडरेशन उभं राहिलं, तेव्हा सेन्सेई चोविशीत होते. ते सांगायचे, बोगू होते कुणाकडे? कुणाचे जळाले होते, कुणी तांदळासाठी विकले होते. मग अंगणात अनवाणी सुरिआशी करायची, तळवा जमिनीवरून सरकवत पुढे, तसंच मागे, अंधार पडेपर्यंत. हे त्यांनी मला अपघाताआधीही सांगितलं होतं. मी ते जुन्या आठवणी म्हणून ऐकून घेतलं.

आमच्या कोल्हापुरातही खंड पडलेल्या मल्लाला वस्ताद लगेच जोडीला सोडत नाहीत. आधी हौद्यातली माती उकर, जोर-बैठका मार. मी तालमीच्या गल्लीत वाढले आणि तरीही मला हे कळू नये?

डोजोत माझ्याबद्दल काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे. ही बाई परतलेल्यांना मेन घालू देत नाही, पोरं कंटाळतात. दोघं सोडून गेलेही, आणि त्याचा ठपका माझ्यावर आला. मला तो मान्य नाही. ज्यांना फक्त ठोकाठोकी हवी होती ते एरवीही पावसाळ्यापर्यंत टिकले नसते. जे राहिले त्यांच्यातल्या एकाचीही टाच गेलेली नाही. मी घाबरते म्हणून अडवते, असंही म्हणतात. म्हणू देत. कुबड्या घेऊन खुर्चीवरच्या माणसासमोर मी उभी राहिले आहे, ते राहिलेले नाहीत.

तर पाय. पहिला महिना डोजोच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुरिआशी आणि ओकुरिआशी, म्हणजे एक पाय पुढे टाकून दुसरा मागून ओढून घ्यायचा, शिनाई न घेता. उजव्या टाचेखालून कागद सरकेल एवढीच फट. डावी टाच थोडी वर, गुडघा ताठही नाही आणि मोडलेलाही नाही. रविवारी तुझं डावं पाऊल बाहेर वळत होतं. पोटरी दमली की ते असं पळवाट शोधतं, आणि नेमकं तेव्हाच टाचेवर ताण येतो. घरी जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभी राहा आणि टाचा सावकाश खाली सोड, वर येण्यापेक्षा खाली जाताना जास्त वेळ घे. दुसऱ्या महिन्यात सुबुरी, म्हणजे शिनाईचे हवेतले वार, पण उड्या मारत करायची हायासुबुरी नाही. मग बोगूतलं कमरेचं तारे, छातीचं दो आणि हातांचे कोते. मेन सगळ्यात शेवटी, तेही पहिले काही दिवस फक्त किरिकाएशीपुरतं, त्या ठरलेल्या वारांच्या सरावापुरतं. मधेच कोणी प्रेमानं म्हणेल, "ये गं, एक राउंड", तर हात जोडायचे आणि नाही म्हणायचं. तुला जमणार नाही, तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून मीच शेजारी असेन.

गुरुवारी साडेसहाला ये, फळ्या पुसायच्या वेळी. हाकामा, तो चुण्यांचा घोळदार पायजमा, आण, बोगूची पिशवी घरीच ठेव. आणि शिनाई कपाटातून काढून चारही कांबी उजेडात नीट बघ. पाच वर्षं सुकलेला बांबू आहे, कुठे कुसळ निघालं असेल तर ती शिनाई आणू नकोस. माझी एक जादा आहे.

तुझी,
मावशी